मधला थर

बागेचा पडदा सोलायचं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी होकार दिला तो कुमुदताईंनी.

पडदा त्यांच्या वडिलांनी रंगवलेला. गोविंदराव चितारी हे नाव आता फारसं कुणाला आठवत नाही. पण मंजुघोष संगीत मंडळीची नाटकं ज्यांनी पाहिली होती ते लोक सांगायचे, की दुसऱ्या अंकात बागेचा पडदा सुटला की नटीनं तोंड उघडायच्या आत टाळी पडायची. डावीकडे बकुळीखाली दगडी बाक, मधे कारंजं, उजवीकडे वेलींच्या मांडवातून लांबवर गेलेली वाट. ती वाट इतकी खरी वाटायची, की लहानपणी कुमुदताई एकदा तिच्यावरून चालायला गेल्या आणि पडद्यामागच्या भिंतीवर कपाळ आपटून परत आल्या. अण्णा, म्हणजे वडील, हसले नाहीत. "उद्या जरा रुंद करतो," म्हणाले.

रंगकाम चालायचं सांगलीत नदीजवळच्या एका पत्र्याच्या वखारीत. चुलीवर पातेल्यात सरस शिजत असायचा. त्याचा वास येणारेजाणारे नाकाला रुमाल लावून सोसायचे, कुमुदताईंना मात्र तो आवडायचा. सरसात खडूची पूड, खडूत रंग, आणि मग अण्णांचा भला मोठा कुंचला. पानांची खालची बाजू भरायचं काम कुमीचं. कडा सांभाळायच्या तिच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या भावानं, दिगंबरनं, तिच्या दिगूदादानं. कुमी रेघेबाहेर गेली की दादा मुकाट्यानं मागून नीट करून ठेवायचा.

पुढे मंडळी बंद पडली. अण्णांना काचबिंदू झाला, आणि दिसतंय तोवर बघतो म्हणून त्यांनी बागेचा पडदा वखारीतच मागच्या भिंतीला टांगून घेतला. कुमुदताई पुण्याला एम.एस्सी.ला होत्या तेव्हा एका दिवाळीत घरी आल्या, वखारीत गेल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. बाग होती, पण अण्णांची नव्हती. बकुळ तीच, बाक तोच, वाटही तीच, पण सगळ्यावर भिंतीच्या रंगासारखी चकाकी. पानं पोपटी. फुलं लग्नाच्या मांडवातल्या कागदी फुलांसारखी.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"मी," दिगंबर म्हणाला. "रंग उडत चालले होते. ताजे केले."

"त्यांचे डोळे गेले म्हणून त्यांचा हातही पुसून टाकलास?"

दिगंबर कुंचले धुवायला निघून गेला. पुढच्या वर्षी अण्णा गेले. दिगंबर दुकानांच्या पाट्या रंगवत राहिला, कुमुदताई पुण्यात शिकवत राहिल्या. भाऊबीजेला फोन, लग्नकार्यात दोन दिवस, तब्येतीची चौकशी. भांडण असं कधी झालं नाही, आणि मनापासून बोलणंही पुन्हा झालं नाही. आता कुमुदताई पंच्याहत्तरीच्या घरात होत्या.

त्यांचं सगळं आयुष्य बंध ओळखण्यात गेलं होतं. त्या शिकत होत्या तेव्हा विभागात अवरक्त वर्णपट काढणारं एकच यंत्र होतं. पोटॅशियम ब्रोमाइड खलात घोटायचं, त्यात नमुना कणभर मिसळायचा, दाबून त्याची काचेसारखी टिकली करायची आणि ती यंत्रात ठेवायची. मग पेन कागदावरून सरकू लागायचं. सरळ चालता चालता एकदम खाली बुडी मारायचं आणि पुन्हा वर यायचं. ते कुरकुरत चालणारं पेन पाहत बसणं हा त्यांच्या तरुणपणातला मोठा आनंद होता.

वर्गात त्या सांगायच्या, दोन अणूंमधला बंध म्हणजे काठी नव्हे, स्प्रिंग. अणू हलके आणि स्प्रिंग ताठ असेल तर कंप जलद, अणू जड आणि स्प्रिंग सैल असेल तर संथ. अवरक्त प्रकाश आपल्याला दिसत नाही, पण त्याच्या लहरी याच गतीनं कापत असतात. ज्या बंधाची गती जुळते तो बंध तेवढाच प्रकाश गिळतो. पलीकडे आलेल्या प्रकाशात काय कमी पडलंय ते पाहा, म्हणजे आत कोण बसलंय ते कळेल. कार्बन आणि ऑक्सिजनचा दुहेरी बंध वर्णपटाच्या पट्टीवर सतराशेच्या आसपास बुडी मारतो, हे त्या इतक्या वेळा म्हणत की मुलं त्यांना माघारी सतराशेबाई म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं.

आता टिकली गेली, पेन गेलं. लोक दुकानातली हळद फोनसमोर धरून तपासत होते. आणि गेल्या काही वर्षांत एक नवंच यंत्र आलं होतं. त्याचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, पण वापरणारे त्याला सोलणी म्हणत. बंध ज्या गतीनं कापतो त्याच गतीचा प्रकाश, जोरात पण निमिषाच्याही अंशापुरता दिला, तर ती ऊर्जा शेजारच्या बंधांत पाझरायच्या आत तो एकटा बंध तुटतो. वरच्या थरात असा बंध असावा जो खालच्या थरात नाही, एवढीच अट. मग वरचा थर भुकटी होऊन गळतो आणि खालच्याला झळही लागत नाही.

लोकांना जुनं बघायचं वेडच लागलं होतं. घराघरांतल्या भिंती सोलून आजोबांच्या वेळचे रंग काढले जात होते. गावोगाव देवांवरची शेंदराची पुटं उतरत होती. कुठे आत सुरेख कोरलेला चेहरा निघाला, कुठे नुसता दगड, आणि दगड निघालेल्या गावांत लोक एकमेकांशी बोलेनासे झाले. कारण सोललेलं परत लावता येत नव्हतं. तुटलेला बंध जोडणारं यंत्र अजून कुणी बनवलं नव्हतं.

सांगलीच्या नव्या नाट्यसंग्रहालयाला बागेचा पडदा दिगंबरनं देऊन टाकला होता. तिथे संवर्धनाचं काम पाहणारी इशरत मुजावर कुमुदताईंची एकेकाळची विद्यार्थिनी. तिनं फोन करून विचारलं, वरचा थर उतरवायला घरच्यांची संमती आहे का? दिगंबरनं म्हणे सांगितलं होतं, कुमीला विचारा, ती म्हणेल ते. कुमुदताई म्हणाल्या, उतरवा, आणि मी स्वतः येते.

पडदा मोठ्या दालनात लाकडी चौकटीवर ताणून उभा केला होता. रुळावरून सरकणारं यंत्र त्याच्यासमोरून मुंगीच्या पावलानं जात होतं, नुसतं वाचत, काहीही न तोडता. कुमुदताईंनी पडद्याकडे एकदाच पाहिलं आणि त्या संगणकासमोर बसल्या. त्या पोपटी पानांकडे बघवत नव्हतं.

"मॅडम, वरचा थर सतराशे पस्तीस," इशरत हसून म्हणाली. "तुमचाच."

"एस्टर. भिंतीला लावायचं प्लॅस्टिक इमल्शन. आणि खाली?"

"साडेसोळाशे आणि साडेपंधराशे, जोडीनं."

"म्हणजे सरस. प्रथिनांचा अमाइड बंध, तो असाच जोडीनं येतो." पातेल्यातला वास कुमुदताईंना क्षणभर खराच आल्यासारखा वाटला. "एस्टर वर आहे, खाली नाही. सोलणीला याहून सोपं काय हवं? मग माझ्याशी फोनवर अडखळत का बोलत होतीस?"

इशरतनं पडद्याच्या खालच्या भागाचा वर्णपट उघडला. "हे बघा. सदतीसशेपासून छत्तीसशे वीसपर्यंत. बारीक, टोकदार. मला वाटलं यंत्राचाच दोष असेल. तीनदा वाचलं."

कुमुदताईंनी चष्मा वर सरकवला. तिथे ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा बंध दिसतो. पाण्यात, अल्कोहोलात तो सैल असतो, शेजाऱ्यांच्या हातात हात घालून बसलेला, म्हणून त्याची बुडी रुंद, झोळीसारखी पडते. एवढे टोकदार दात पडायचे तर तो बंध कुठेतरी पक्का कोंडलेला हवा. खनिजाच्या पापुद्र्यांत.

"चिकणमाती," त्या म्हणाल्या. "हजाराच्या आसपास सिलिकॉन-ऑक्सिजन सापडेल बघ."

"सापडला. पण माती रंगातली म्हणावी तर ती सरसातही नाही आणि इमल्शनमध्येही नाही. मधे आहे. सरसाच्या वर, इमल्शनच्या खाली. आणि मॅडम, सगळीकडे नाही." तिनं एक कळ दाबली. संगणकावर बागेचा नकाशा उमटला, माती असेल तिथे तांबूस. उजवा कोपरा सोडला तर खालचा सगळा भाग तांबूस होता. बाक, कारंज्याचा हौद, वाटेचा अर्ध्याहून अधिक भाग. माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर तांबूस रंग संपत होता, आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीनं आखावा तसा सरळ संपत होता.

"त्या रेघेच्या खाली सरसाची जोडीही पार अशक्त आहे," इशरत म्हणाली. "कितीतरी धुऊन गेलाय. वरच्या भागात मात्र ठणठणीत."

कुमुदताई बराच वेळ त्या सरळ रेघेकडे बघत राहिल्या. नदीकाठी वाढलेल्या माणसाला अशी रेघ ओळखायला यंत्र लागत नाही. त्या दिवाळीच्या आधीच्या पावसाळ्यात कृष्णेला पूर आला होता. त्यांनी पुण्याहून फोन लावला होता. दिगंबर म्हणाला होता, पाणी वखारीच्या पायरीपर्यंत आलं आणि उतरलं, काही झालं नाही, तू परीक्षेचं बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हरिपूरला गेल्या. दिगंबर तिथे मुलाच्या घरी राहत होता. अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसला होता. हात मांडीवर, आणि दोन्ही हातांना बारीक कंप. कुमुदताईंना पाहून तो उठायला लागला.

"बस रे दादा."

"सुरू झालं का काम?" त्यानं विचारलं.

"नाही अजून. वाचन झालं." त्या समोरच्या पायरीवर बसल्या. "दादा, वखारीत पाणी कुठवर आलं होतं?"

दिगंबरनं त्यांच्याकडे पाहिलं, मग कुंपणाकडे. सूनबाईंनी चहा आणून ठेवला. त्या आत जाईपर्यंत तो थांबला.

"यंत्रानं सांगितलं?"

"यंत्रानं माती आहे एवढं सांगितलं. बाकीचं मी विचारतेय."

"खांद्यापर्यंत," तो म्हणाला. "अण्णांना आधीच तासगावला आत्याकडे पोचवलं होतं. मी परत आलो तोवर पाणी आत शिरलं होतं. पडदा खाली घ्यायला चार माणसं लागतात, मी एकटा. पाणी उतरल्यावर बघितलं तर खालची अर्धी बाग नव्हतीच, कुमे. नुसता गाळ. थोडा पुसायला गेलो, तर गाळाबरोबर रंगही यायला लागला. सरसच तो, पाण्यात विरघळणारच. मग हात लावायचं सोडलं. वाळू दिलं."

"आणि त्यावर इमल्शन."

"दुसरं काय बसणार होतं? सरसातला ओला कुंचला टेकवला की चिखल सुटायचा. त्याच्यावर धरून बसेल असा तोच एक रंग. दुकानात मिळायचे चार रंग, त्यातून कालवून कालवून केलं. खाली एक आणि वर एक दिसायला लागलं म्हणून वरही मारावं लागलं. पोपटी झालं ते मलाही दिसत होतं."

"मला का नाही सांगितलंस? मी एवढं बोलले तुला."

दिगंबरनं कप उचलला. चहा हिंदकळला, म्हणून परत ठेवला.

"अण्णांना कळू द्यायचं नव्हतं. डोळे गेलेच होते. मला वाटलं, समोर बाग टांगलेली आहे एवढं त्यांना माहीत असलं की झालं. तासगावहून आणल्यावर पहिल्याच दिवशी म्हणाले, मला पडद्याजवळ ने. नेलं. त्यांनी हात लावला. सरसाचा रंग हाताला खडूसारखा लागतो, थोडा बोटांना येतो. हा रबरासारखा. त्यांनी बाकावरून हात फिरवला, वाटेवरून फिरवला. पार खालपर्यंत. मी मागे उभा. मग बोटांचा वास घेतला आणि म्हणाले, किती गेलं? मी म्हणालो, अर्धं. म्हणाले, वाट नीट काढलीस का? मी म्हणालो, काढली. मग म्हणाले, कुमीला सांगू नकोस. तिची बाग आहे ती."

अंगणात कुठूनशी हळद शिजवल्याचा वास येत होता. कुमुदताई पायरीवरून उठून त्याच्या खुर्चीजवळ आल्या.

"ते गेल्यावर तरी सांगायचं होतंस."

"त्यांनी अमुक दिवसापर्यंत सांगू नकोस असं नव्हतं म्हटलं," दिगंबर म्हणाला. "आणि तू रागावलेली असलीस तरी त्या बागेसाठीच रागावलेली होतीस. तुझ्या मनात ती धड होती. मला ते बरं वाटायचं."

कुमुदताईंनी त्याचा चहाचा कप उचलून त्याच्या हातात दिला आणि त्याचं पिऊन होईपर्यंत खालून हात धरून ठेवला. कितीतरी वर्षांत त्यांनी भावाचा हात धरला नव्हता. नखांच्या कडांना अजून रंग होता, पाट्यांचा, कधी न निघालेला.

संग्रहालयात परतल्यावर त्यांनी इशरतला सांगितलं, सोलायचं नाही.

"मॅडम, उद्घाटनाची तारीख जाहीर झालीय," इशरत म्हणाली. "गोविंदरावांची अस्सल बाग म्हणून. संचालकांना मी काय सांगू?"

"खरं ते सांग. वरची अर्धी अस्सल निघेल, खालची अर्धी चिखल निघेल. दिगंबरचा थर हा त्या चिखलाला धरून ठेवणारा एकमेव थर आहे. तो गळला की माती गळेल, आणि मातीला चिकटून राहिलेला सरसही."

"वरचा भाग तरी? तिथे माती नाही."

कुमुदताईंना मोह झाला नाही असं नाही. बकुळीचा तो गडद शेंडा, अण्णांच्या हातचा, ठणठणीत, केसाइतक्या थराखाली. एक दिवसाचं काम. त्या पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी दिगंबरची बाग नीट पाहिली. वाट खरोखर नीट होती. अण्णांनी जिथे वळवली तिथेच वळत होती. चिखलातून ती त्यानं कशी शोधली असेल? पाठच असणार. वर्षानुवर्षं तिच्या कडा त्यानंच तर सांभाळल्या होत्या.

"दादाला इथे आणू या," त्या म्हणाल्या. "थर त्याचा आहे."

दिगंबर आला तो इस्त्रीचा सदरा घालून. पडद्यासमोर खुर्चीत बसला आणि थोड्या वेळानं म्हणाला, "काढून टाका सगळा. मी लावला तो पट्टी म्हणून. पट्टी कुणी जन्मभर ठेवतं का?"

"खाली जखम अजून तशीच आहे, दादा."

"असू दे. पण वर अण्णा आहेत ना? ते झाकून ठेवून माझं कसलं दाखवताय लोकांना? पाट्या रंगवणारा माणूस मी."

"ज्यानं अर्ध्या बागेचा चिखल झाल्यावर बाग परत उभी केली, त्याचं दाखवतोय," कुमुदताई म्हणाल्या. "अण्णांनी हात लावून बघितली होती ती बाग हीच आहे. त्यांच्याजवळ शेवटी हीच होती."

दिगंबर ऐकेना. दोघं पुष्कळ वेळ वाद घालत राहिले, लहानपणी रंगाच्या डब्यांवरून घालायचे तसे, आवाज चढवून, एकमेकांचं वाक्य तोडत. इशरत बाजूला उभी राहून ऐकत होती. शेवटी तिनंच सुचवलं, एक खिडकी काढू. वरच्या भागात, तळहाताएवढी. तेवढंच सोलायचं, बाकी सगळं आहे तसं.

"कुठे?" तिनं विचारलं.

"बकुळीच्या शेंड्यात," दोघंही म्हणाली.

सोलणीचा आवाज जवळजवळ नव्हताच. प्रकाशही दिसत नव्हता. पोपटी पानांवर साय धरावी तशी पांढुरकी भुकटी आली, इशरतनं ती हलक्या फुंकणीनं बाजूला केली, आणि आतून गडद, जरासा निळसर, मखमलीसारखा हिरवा रंग वर आला. मधेमधे पानांची खालची बाजू दिसत होती, फिकट. एका पानाचा रंग रेघेबाहेर गेलेला होता आणि कुणीतरी दुसऱ्या कुंचल्यानं ती कड सावरून घेतलेली होती.

दिगंबर खुर्ची पुढे ओढून ते बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते. "नीळ जास्त होती," अखेर तो म्हणाला. "मी पिवळा घालत बसलो."

"तुझ्या चार डब्यांत ती नीळ नव्हतीच," कुमुदताई म्हणाल्या.

खाली उजव्या कोपऱ्यात मात्र कापडाचा एक तुकडा कोरा पडला होता. वाहतुकीत तिथला थर चिखलासकट सुटून गेला होता. इशरत म्हणाली, तिथे आम्ही साधा करडा रंग देऊन ठेवतो, संवर्धनाची तशी रीत आहे.

"रीत असेल," कुमुदताई म्हणाल्या, "पण सरस मिळेल का कुठे?"

मिरजेत वाद्यं बनवणाऱ्यांकडे सरस मिळाला. दुसऱ्या दिवशी दालनाबाहेरच्या व्हरांड्यात इशरतनं शेगडी मांडली. तो वास पसरला तसे कार्यालयातले लोक नाक मुरडत उठून खिडक्या लावू लागले, आणि शेगडीशेजारी बसलेली दोन म्हातारी माणसं एकमेकांकडे बघून हसली. दिगंबरचा हात कुंचला धरण्यासारखा राहिला नव्हता. कुंचला कुमुदताईंनी घेतला. त्या जमिनीवर बसल्या, तो मागे खुर्चीत.

"काय काढू?"

"गवत. कोपऱ्यात गवतच होतं. खालून वर ओढ."

त्यांनी ओढलं. पहिली पात जाड झाली, दुसरी वाकडी. तिसरीला रंगाचा ओघळ थेट खालच्या काठापर्यंत गेला.

"पाणी जास्त झालं," मागून दिगंबर म्हणाला. "निथळून घे. आणि घाई करू नकोस कुमे, कड मी बघतोय."